परलोकाची तार : यंत्रयुगातील एका श्रद्धेचा इतिहास

दारात तारवाला उभा राहिला की घरातील मंडळींच्या काळजात धस्स होई, तो काळ ज्येष्ठ पिढीच्या स्मरणात अजून ताजा आहे. तारेचा तो कागद आनंदाची वार्ताही आणत असे. परंतु न उघडताच डोळ्यांत पाणी उभे राही ते दूरच्या गावी कोणी तरी गेले असावे या धास्तीने. भारतातील ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ चाललेले एक पर्व संपले.

मृत्यूची बातमी आणणारे हे यंत्र एक दिवस मृतांचाच निरोप आणील, अशी आशा मात्र तारेच्या बाल्यावस्थेतच अमेरिकेत आणि युरोपात निर्माण झाली होती. ती बाळगणाऱ्यांत केवळ भाबडी माणसे नव्हती. महासागराच्या तळाशी तारा टाकणारे अभियंते, नवी मूलद्रव्ये शोधणारे रसायनशास्त्रज्ञ आणि बिनतारी संदेशवहनाचा पाया घालणारे पदार्थवैज्ञानिकही त्यांत होते. विजेच्या सूक्ष्म प्रवाहाचे अचूक मापन करणारी ही माणसे अंधाऱ्या खोलीतील चमत्कारांपुढे का नमली, हा तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक विलक्षण प्रश्न आहे.

चार वर्षांचे अंतर

२४ मे १८४४ रोजी सॅम्युएल मोर्स यांनी वॉशिंग्टनहून सुमारे ६० किलोमीटरवरील बाल्टिमोरला तारेने संदेश पाठविला. माणूस, घोडा वा आगगाडी यांपैकी काहीही न हलता शब्द एका शहरातून दुसऱ्या शहरात पोहोचला होता. दूरच्या टोकाला ऐकू येत होती ती केवळ टकटक. ती टकटक अक्षरांत उलगडणारा जाणता माणूस तेवढा हवा होता.

त्यानंतर चार वर्षांनी, ३१ मार्च १८४८ च्या रात्री, न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या लहानशा वस्तीत फॉक्स कुटुंबाच्या घरातही टकटक ऐकू येऊ लागली. घरातील मॅगी आणि केट या किशोरवयीन मुली प्रश्न विचारीत आणि भिंतीतून, जमिनीतून ठोक्यांनी उत्तर येई. पुढे कोणी तरी मुळाक्षरे मोठ्याने म्हणू लागले; योग्य अक्षर आले की ठोका पडे. अशा रीतीने शब्द आणि वाक्ये जुळू लागली. या घरात मारल्या गेलेल्या एका माणसाचा आत्मा बोलत आहे, असा बोभाटा झाला. नोव्हेंबर १८४९ मध्ये रॉचेस्टर शहरातील सभागृहात तिकीट लावून या ठोक्यांचे जाहीर प्रयोग झाले आणि त्यातून ‘स्पिरिच्युअॅलिझम’, अर्थात परलोकविद्येची चळवळ उभी राहिली.

या चळवळीने आपली भाषा तारायंत्राकडून उसनी घेतली. ज्याच्या मार्फत आत्मा बोलतो तो ‘माध्यम’. बैठकीला वर्तुळाकार बसलेली माणसे म्हणजे विद्युतमंडल. १८५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या या पंथाच्या साप्ताहिकाचे नावच मुळी ‘स्पिरिच्युअल टेलिग्राफ’, म्हणजे ‘आत्मिक तारायंत्र’, असे होते. १८५४ मध्ये सुमारे १५ हजार सह्यांचे निवेदन अमेरिकेच्या सिनेटपुढे आले. या घटनांच्या चौकशीसाठी वैज्ञानिकांचा आयोग नेमावा, ही त्यातील मागणी होती. सभागृहात हशा पिकला आणि निवेदन बाजूला ठेवण्यात आले.

आज हे हास्यास्पद वाटते. तत्कालीन सामान्य माणसाच्या दृष्टीने मात्र तर्क सरळ होता. वीज दिसत नाही, तरी ती शेकडो मैलांवरचा निरोप आणते. मग न दिसणारा आत्मा ठोके देत असेल, तर त्यात अधिक अशक्य ते काय? एक चमत्कार प्रत्यक्ष घडलेला पाहिल्यावर दुसऱ्यावर विश्वास ठेवणे सोपे झाले होते.

फॅरेडे यांचा तरफकाटा

१८५३ च्या सुमारास ही लाट इंग्लंडमध्ये पोहोचली. चार माणसांनी टेबलावर हात टेकून बसावे आणि काही वेळाने टेबल आपोआप फिरू लागावे, असे प्रयोग घरोघरी होऊ लागले. कोणी त्याचे श्रेय विजेला देई, कोणी चुंबकत्वाला, तर कोणी मृतात्म्यांना. वीज आणि चुंबकत्व यांचा विषय निघाल्यावर लोकांनी स्वाभाविकपणेच मायकेल फॅरेडे यांना गाठले.

फॅरेडे यांनी आत्मे आहेत की नाहीत या वादात शिरण्याचे टाळले. त्यांनी एकच प्रश्न विचारला : आधी काय हलते, टेबल की हात? टेबल स्वतःहून फिरत असेल तर ते हातांना ओढून नेईल. हात ढकलत असतील तर ते टेबलाच्या पुढे सरकतील. हे तपासण्यासाठी त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवून मऊ लुकणाने सैलसर जोडले आणि टेबल व हात यांच्यामध्ये ठेवले. प्रयोगानंतर वरचा पुठ्ठा खालच्याहून अधिक सरकलेला आढळला. म्हणजे हातच पुढे होते. पुढे त्यांनी दोन फळ्यांमध्ये काचेच्या दांड्या ठेवून त्यांना एक हलका तरफकाटा जोडला. हात किंचितही सरकला तरी काटा कलत असे.

या काट्याने जे दाखविले ते महत्त्वाचे आहे. तो झाकलेला असताना टेबल हलत होते. बसणाऱ्यांना तो दिसू लागताच टेबल थांबले. ही माणसे लबाड नव्हती. आपण टेबल ढकलत आहोत हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते. अपेक्षेमुळे स्नायूंची नकळत हालचाल होते, असे प्रतिपादन शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी आदल्याच वर्षी, १८५२ मध्ये, केले होते. फॅरेडे यांच्या उपकरणाने ते डोळ्यांना दाखविले. मराठी घरांतून प्लँचेटच्या नावाखाली अक्षरांच्या वर्तुळात बोटांखाली फिरणारी वाटीही याच नियमाने फिरते.

फॅरेडे यांनी आपला निष्कर्ष वृत्तपत्रातून प्रसिद्ध केला. टेबले फिरविणाऱ्यांची संख्या मात्र त्यामुळे फारशी घटली नाही.

सागरी तारेचा अभियंता

फॅरेडे यांनी निरीक्षकालाच तपासले होते. पुढील पिढीतील अभियंत्यांनी तपासले ते माध्यमाला, आणि तेथेच ते चकले.

क्रॉमवेल व्हार्ली हे त्यांच्या काळातील अग्रगण्य तारअभियंते होते. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या पहिल्या तारेतून राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेला पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले होते आणि काही आठवड्यांतच ती तार मूक झाली. हजारो किलोमीटर लांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या तारेत बिघाड नेमका कोठे आहे, हे किनाऱ्यावर बसून केवळ विद्युतप्रवाहाच्या मापनाने ओळखणे, हे व्हार्ली यांचे कौशल्य होते. १८६६ मध्ये अटलांटिकची तार कायमची यशस्वी झाली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता.

हेच व्हार्ली परलोकविद्येचे समर्थक होते. फेब्रुवारी १८७४ मध्ये त्यांनी लंडनमधील तरुण माध्यम फ्लोरेन्स कुक हिची परीक्षा घेतली. ती पडद्याआड समाधिस्थ बसे आणि थोड्या वेळाने ‘केटी किंग’ नावाची शुभ्रवस्त्रधारी आकृती बाहेर येई. संशयितांचे म्हणणे असे, की फ्लोरेन्सच वेष बदलून बाहेर येते. व्हार्ली यांनी तिच्या दोन्ही हातांवर ओल्या टीपकागदावर सोन्याची नाणी बांधली, त्यांना तारा जोडल्या आणि तिच्या शरीरातून क्षीण विद्युतप्रवाह सोडला. तारा सोडवून ती उठली असती, तर प्रवाह तुटून बाहेरच्या गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर गेला असता. आकृती बाहेर आली, प्रवाह तुटला नाही आणि व्हार्ली यांचे समाधान झाले.

सागरी तारेतील दोष शोधण्याची पद्धत त्यांनी मानवी शरीराला लावली होती. परंतु समुद्रातील तार कोणाला फसविण्याचा प्रयत्न करीत नाही. मंडल अखंड आहे, एवढेच गॅल्व्हानोमीटर सांगतो. ते कशामुळे अखंड आहे, हे तो सांगू शकत नाही. पुढील वर्षी अॅना इव्हा फे या अमेरिकी माध्यमाचीही अशीच विद्युतपरीक्षा झाली आणि तीही त्यात उत्तीर्ण झाली. अनेक दशकांनंतर तिने हे रहस्य जादूगार हॅरी हूडिनी यांच्यापाशी उघड केले. विजेची एक मूठ गुडघ्याच्या मागे दाबून धरली की प्रवाह चालू राही आणि एक हात मोकळा होई. हूडिनी यांनी १९२४ च्या आपल्या पुस्तकात ही हकीकत नोंदविली आहे.

ही दुसरी परीक्षा घेणारे होते विल्यम क्रुक्स. थॅलियम या मूलद्रव्याचा शोध त्यांनी १८६१ मध्ये लावला होता; त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्वात नळीतूनच पुढे क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन यांच्या शोधांची वाट मोकळी झाली. १९१३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या परलोकविद्येतील रसाला एक वैयक्तिक पार्श्वभूमी होती. त्यांचा धाकटा भाऊ फिलिप हा क्युबाजवळ सागरी तार टाकण्याच्या मोहिमेवर असताना १८६७ मध्ये पीतज्वराने मरण पावला. ऐन तारुण्यात गेलेल्या या भावाच्या शोकातच क्रुक्स यांची पावले प्रथम अशा बैठकांकडे वळली, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

मुंबईतील अध्याय

या घडामोडींचा एक धागा भारतापर्यंत येतो. १८७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हेलेना ब्लाव्हॅट्स्की, कर्नल हेन्री ऑल्कॉट आणि इतरांनी थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन केली. फेब्रुवारी १८७९ मध्ये हे दोघे मुंबईत उतरले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘थिऑसॉफिस्ट’ हे मासिक तेथून निघू लागले. १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळील अड्यारला मुक्काम हलेपर्यंत सोसायटीचे केंद्र मुंबईतच होते.

ब्लाव्हॅट्स्की बाईंनी मृतात्म्यांच्या जागी तिबेटमध्ये वास करणारे ‘महात्मे’ आणले. त्यांची पत्रे टपालाशिवाय प्रकट होतात, असा दावा होता. यातही तारेची साक्ष काढण्यात आली. अलाहाबादच्या ‘पायोनियर’ पत्राचे संपादक ए. पी. सिनेट यांनी १८८० मध्ये महात्म्यासाठी लिहिलेले पत्र अमृतसरला बाईंच्या हाती पडले, त्याच दिवशी झेलमहून महात्म्याच्या नावे उत्तरादाखल तार निघाली. इतक्या थोड्या वेळात पत्र झेलमला पोहोचणे शक्य नाही, म्हणून ही अलौकिक शक्तीच, असा सिनेट यांचा युक्तिवाद होता. सरकारी तारघराचा वेळेचा शिक्का आता चमत्काराचा पुरावा झाला होता.

लंडनमध्ये १८८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ या संस्थेने रिचर्ड हॉजसन यांना चौकशीसाठी भारतात पाठविले. महात्म्यांची बहुतांश पत्रे ब्लाव्हॅट्स्की यांनी स्वतःच लिहिली, असा निष्कर्ष त्यांच्या १८८५ च्या अहवालात होता. त्यांच्या तपासपद्धतीवर पुढे, १९८६ मध्ये, त्याच संस्थेच्या नियतकालिकात कठोर टीकाही झाली. महात्म्यांचे अस्तित्व मात्र त्या टीकेनेही सिद्ध झालेले नाही.

ईथरमधून येणारा आवाज

१८८० च्या दशकाच्या अखेरीस हाइनरिख हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवून दिल्या आणि तारेचीही गरज उरली नाही. या लहरींच्या साहाय्याने तारेविना संदेश पाठविता येईल, असे भाकीत क्रुक्स यांनी १८९२ मध्ये एका लेखात केले. १८९४ मध्ये ऑलिव्हर लॉज यांनी या लहरींच्या ग्रहणाची प्रात्यक्षिके केली. त्यांच्या व्याख्यानाचा छापील वृत्तान्त वाचूनच कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांना या क्षेत्रातील आपल्या मूलभूत संशोधनाची प्रेरणा मिळाली. रेडिओचे विशिष्ट केंद्र जुळवून घेण्याच्या तंत्राचे एक महत्त्वाचे पेटंटही लॉज यांचेच.

प्रकाश आणि रेडिओलहरी ज्यातून प्रवास करतात ते सर्वव्यापी माध्यम म्हणजे ‘ईथर’, अशी त्या काळी वैज्ञानिकांची धारणा होती. लॉज यांना वाटे की देह नष्ट झाल्यावर मन याच ईथरच्या आश्रयाने टिकत असावे. पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१५ मध्ये, त्यांचा धाकटा मुलगा रेमंड बेल्जियममधील ईप्रच्या परिसरात मारला गेला. माध्यमांमार्फत त्याच्याशी झालेल्या कथित संभाषणांचे ‘रेमंड’ हे पुस्तक लॉज यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, कारण अशी तरुण मुले गमावलेली घरे तेव्हा युरोपात लाखोंनी होती. रेडिओचा हा आद्य संशोधक आयुष्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९४० पर्यंत, आपल्या श्रद्धेवर ठाम राहिला. ईथरची कल्पना तोपर्यंत पदार्थविज्ञानाने केव्हाच सोडून दिली होती.

एडिसन यांचे न सापडलेले यंत्र

थॉमस एडिसन यांची गोष्ट याहून वेगळी आहे. १८७७ मध्ये त्यांनी फोनोग्राफ तयार केला. पुढील वर्षी त्याचे संभाव्य उपयोग सांगताना, घरातील मरणासन्न माणसाचे अखेरचे शब्द जतन करणे, हाही उपयोग त्यांनी नोंदविला. माणसाचा आवाज त्याच्या मागे उरणे ही इतिहासात प्रथमच शक्य झालेली गोष्ट होती.

ऑक्टोबर १९२० मध्ये एडिसन यांच्या मुलाखती अमेरिकी नियतकालिकांत झळकल्या. माध्यमे आणि अक्षरफलक ही साधने अवैज्ञानिक आहेत, असे त्यांचे मत होते. मृत्यूनंतर व्यक्तिमत्त्व उरत असेल तर त्याला व्यक्त होण्यासाठी अतिशय संवेदनक्षम यंत्र लागेल, आणि तसे यंत्र आपण तयार करीत आहोत, असे त्यांनी सांगितले. जगभर खळबळ उडाली. १९३१ मध्ये एडिसन यांचे निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेल्या कागदपत्रांच्या प्रचंड संग्रहात असे यंत्र वा त्याचा आराखडा सापडलेला नाही.

यंत्र न बनताही कल्पना मात्र टिकली. १९५९ मध्ये स्वीडनमधील फ्रीडरिख युर्गेन्सन यांना पक्ष्यांचे कूजन ध्वनिमुद्रित करताना फितीवर माणसांचे आवाज ऐकू आले. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन कॉन्स्टांटिन राउडिव्ह यांनी हजारो फिती मुद्रित केल्या आणि १९६८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. भरकटलेल्या रेडिओलहरी आणि खरखरीतही शब्द शोधणारा मानवी मेंदू, ही त्याची समाधानकारक कारणे आहेत. आकाशातील ढगांत चेहरा दिसावा, तसाच हा प्रकार.

कबुली आणि तिचे फलित

ज्या ठोक्यांनी या साऱ्याची सुरुवात झाली, त्यांचे पुढे काय झाले? २१ ऑक्टोबर १८८८ रोजी न्यूयॉर्कच्या ‘अॅकॅडमी ऑफ म्युझिक’ नाट्यगृहात मॅगी फॉक्स हजारो प्रेक्षकांपुढे उभी राहिली. लहानपणी आपण आणि बहिणीने केलेली ती गंमत होती, पायाच्या बोटांचे सांधे वाजवून आपण ठोके काढीत होतो, अशी कबुली तिने दिली आणि ते काढूनही दाखविले. केटही तेथे उपस्थित होती. वर्षभराने मॅगीने हे शब्द मागे घेतले. १८९२ मध्ये केट आणि १८९३ मध्ये मॅगी अशा दोघी विपन्नावस्थेत मरण पावल्या. चळवळ मात्र या कबुलीने संपली नाही. ज्यांना आपल्या माणसाचा निरोप मिळाला होता, त्यांना तो परत करावयाचा नव्हता.

अभियंते का फसले, याचे उत्तर येथेच सापडते. त्यांची उपकरणे खोटी नव्हती. त्यांना विचारलेला प्रश्न अपुरा होता. निसर्गाचे मापन करणारा काटा माणसाची चलाखी ओळखत नाही आणि शोकाकुल निरीक्षकाला सावधही करीत नाही. फॅरेडे यांची पुठ्ठ्याची साधने व्हार्ली यांच्या विद्युतमंडलाहून कितीतरी साधी होती. तरीही ती अधिक खरे बोलली, कारण फॅरेडे यांनी संशयाची सुरुवात प्रयोगाला बसलेल्या प्रामाणिक माणसांपासून केली होती.

हा प्रश्न केवळ गतकाळाचा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियातील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात एका आईची तिच्या दिवंगत मुलीच्या संगणकनिर्मित प्रतिमेशी भेट घडविण्यात आली. जून २०२२ मध्ये अॅमेझॉन कंपनीने आजीच्या आवाजात नातवाला गोष्ट वाचून दाखविणाऱ्या ‘अलेक्सा’चे प्रात्यक्षिक सादर केले. दिवंगताचे लेखन आणि आवाज यांवरून त्याच्यासारखे संभाषण करणाऱ्या संगणकप्रणालीही आता तयार होतात. येथे पडद्याआड कोणी दडलेले नाही आणि हे संगणकाचे काम आहे, हेही आधीच सांगितले जाते.

तरीही ऐकणाऱ्याचे मन १८५३ मधील टेबलाभोवती बसलेल्या माणसांपेक्षा फार निराळे नाही. ओळखीचा आवाज कानी पडताच पुढचे अर्थ तेच पुरविते. फॅरेडे यांच्या प्रयोगात काटा समोर दिसत होता तोवर हात स्थिर राहत आणि तो झाकताच टेबल पुन्हा फिरू लागे. दिवंगताच्या आवाजातील संभाषण दीर्घकाळ चालू राहिले, तर हा काटा नजरेसमोर ठेवण्याची जबाबदारी कोणाची, याचा विचार ही यंत्रे बनविणाऱ्यांना आणि ती घरात आणणाऱ्यांनाही करावा लागणार आहे.